हिरव्यातले पांढरे ठिपके

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

एकतीस मेला मी रिटायर होणार आणि जूनमध्ये आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर बसणार. प्राचार्यांनी काल सांगितलं, तेही जिन्यात, उतरता उतरता. "मॅडम, काय ठेवायचं न् काय भंगारात द्यायचं, यादी करून द्या."

म्हणून आज रविवार असून माजलगावच्या आमच्या रिकाम्या कॉलेजात जाऊन बसले. शिपाई परमेश्वरनं मागचं कपाट ओढून काढलं आणि त्यामागे बद्रीनाथची पेटी निघाली. सागवानी, आत पंधरा वॅटचा अतिनील दिवा, पुढे वर-खाली सरकणारी काच. १९८६ साली त्यानं स्वतः रंधा मारून केलेली. तेव्हा तो इथला लॅब असिस्टंट होता. पुढे माझा नवरा झाला. तोंडावर सगळा जन्म 'अहो' म्हणाले, पण वहीत बद्रीनाथच लिहीत आले. त्याला जाऊन चार वर्षं झाली.

दिवा लावून पाहिला. तीनदा फडफडला आणि लागला. तो निळसर जांभळा उजेड पाहून मला एकदम बावीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. बटाटे उकडल्याचा वासही आला, खरं सांगते. बुरशीसाठी माध्यम करायला आम्ही बाजारातून बटाटे आणून इथंच उकडायचो.

ठरवलं. यादी नंतर. आधी मला शिकवणाऱ्या अर्जुनराव सरांचा तो पीएच.डी.चा प्रयोग शेवटचा एकदा करायचा.

१२ फेब्रुवारी

परमेश्वर विचारतो, "मॅडम, बुरशीला उजेड दावून काय करनार हाय?" त्याला सांगितलं ते इथंही लिहिते.

हरभऱ्याच्या मुळाशी एक हिरवी बुरशी सापडते. ती मर रोगाच्या बुरशीला खाते, म्हणून शेतकऱ्याच्या कामाची. पण उन्हाळ्यात जमीन तापली की ती टिकत नाही. सरांची कल्पना अशी, की तिच्या बीजाणूंवर किरणं सोडायची. बरेच मरतील. जे वाचतील त्यांतल्या काहींचे गुण कायमचे बदललेले असतील. ते डोळ्यांना कळतं, कारण हिरव्या ठिपक्यांत एखादा पांढराफेक ठिपका उगवतो. असे पांढरे जितके जास्त, तितके बदल जास्त. मग त्या बदललेल्यांत उष्णता सोसणारा कोणी आहे का, ते शोधायचं.

सरांनी तीन तऱ्हेची किरणं वापरली. अतिनील इथंच, ह्या पेटीत. गॅमा किरणांसाठी बीजाणूंच्या कुप्या पार्सलनं मुंबईला जायच्या आणि परत यायच्या. आणि एक्स-रे! त्यासाठी गावातल्या एका डॉक्टरांच्या यंत्राखाली आम्ही प्लेटा ठेवल्या होत्या. बाहेर हात मोडलेला एक म्हातारा खोळंबलेला. तो मला म्हणाला, "पोरी, तुझ्या ताटलीचं हाड कुठं मोडलंय?" त्या प्लेटांत एकसुद्धा पांढरा ठिपका आला नाही. माणसाच्या हाडाला पुरते तेवढी किरणं बुरशीच्या खिजगणतीत नसतात. सर आठवडाभर हसत होते.

त्या हसण्याचा आवाज अजून कानात आहे. नंतर तसं हसताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज पहिल्या बारा प्लेटा दिव्याखाली तीन-तीन मिनिटं ठेवल्या. मग काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. दीड दिवस अंधार, मग उजेडात काढायच्या म्हणजे बुरशी हिरवी होते. सरांनी शिकवलेली रीत.

काम संपल्यावर अंगणातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. हा कट्टा मला फार जवळचा आहे.

फेब्रुवारी १९८७. सरांच्या पीएच.डी.ची पडताळणी करायला विद्यापीठातून तिघांची समिती आली होती. त्यांच्यासमोर प्रयोग परत करून दाखवायचा होता. दिवा जुन्या इमारतीत, बीजाणू वाढवायची उबेची पेटी नव्या इमारतीत, मधे हे अंगण. सर समितीला चहा द्यायला गेले आणि प्लेटांचा ट्रे घेऊन मी आणि बद्रीनाथ निघालो. मधेच तो ह्या कट्ट्यावर बसला. "मोहिनीबाई, जरा बसा की," म्हणाला. ट्रे त्याच्या मांडीवर. काचेच्या झाकणांवर कोवळं ऊन पडलेलं, आत माध्यम मधासारखं चमकत होतं. तो बराच वेळ काहीबाही बोलला, त्याच्या गावाबद्दल, आईबद्दल. मग एकदम म्हणाला, "तुमच्या वडलांना भेटायला आलो तर कुत्री तर न्हाई सोडणार?"

माझे वडील म्हाळू, धारूरच्या डोंगरात मेंढरं राखायचे. कुत्री खरंच दोन होती. मी म्हणाले, "कुत्री बांधून ठेवायला सांगते."

आयुष्यात मला लग्नाचं विचारलं गेलं ते असं. चाळीसेक मिनिटं बसलो असू. माझ्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वेळ कोणता असं कुणी विचारलं, तर मी तोच सांगेन.

२२ फेब्रुवारी

मोजले. बाराही प्लेटा मिळून सातशे ऐंशी ठिपके, त्यांत पांढरे नऊ. सरांचं जुनं प्रमाण जवळपास हेच होतं, नव्वदात एक! मी मोठ्यानं ओरडले. परमेश्वर धावत आला, त्याला वाटलं झुरळ.

म्हणजे सर बरोबर होते. मग पडताळणीत असं का व्हावं? त्या वेळी प्लेटा ठिपक्यांनी गच्च भरल्या आणि दीड हजारात जेमतेम एक पांढरा निघाला. गॅमाचे आकडे मात्र जुळले. समितीनं शेरा मारला की मुंबईला झालेलं जुळतं आणि इथं झालेलं जुळत नाही, अर्थात इथली मोजणी विश्वासार्ह नाही. सरळ भाषेत, सरांनी आकडे रचले. सरांनी प्रबंध मागे घेतला, वर्षाअखेर नोकरीही सोडली आणि धर्मापुरीला शेती करायला गेले. पुढे एम.एस्सी. करून त्यांच्याच रिकाम्या जागेवर मी लागले.

नशीब म्हणायचं, दुसरं काय.

४ मार्च

दुसरी खेप फसली. प्लेटा गच्च. बाराशे ठिपक्यांत पांढरा एक. तीच पेटी, तोच दिवा, तीच तीन मिनिटं, तेच बीजाणू. हुबेहूब सत्याऐंशीसारखं. म्हणजे पहिले नऊ हा नुसता योगायोग होता? समितीच बरोबर होती की काय? सरांबद्दल असं मनात आलं ह्याची लाज वाटते, पण आलं.

६ मार्च

दुपारी परमेश्वर दारात घुटमळत उभा.

"मॅडम, येक सांगू का? रागवू नका."

"बोल."

"मागच्या खेपेला तुमी प्राचार्यांकडं गेलता ना, मला कागद गुंडाळायला सांगून? तर त्याच टायमाला पुतनीच्या सोयरिकीचे पाव्हणे आलते. मी प्लेटा खिडकीत ठेवल्या न् पळालो. आल्यावर गुंडाळल्या. घंटाभर उघड्या व्हत्या. त्यानं काय बिघडलं का?"

मी म्हणाले, "नाही रे, काही नाही बिघडलं," आणि तो गेला.

खिडकीत. उन्हात. तासभर.

७ मार्च

काही लिहवत नाही.

९ मार्च, रविवार

लिहायलाच हवं.

अतिनील किरणांनी बीजाणूला झालेली इजा साध्या उजेडात भरून निघते. पेशीतच एक दुरुस्त करणारं द्रव्य असतं, ते उजेडावर चालतं. प्लेट उजेडात राहिली की मरू घातलेले बीजाणू जगतात आणि बदलू घातलेले पुन्हा पहिल्यासारखे होतात. गॅमा किरणांची इजा वेगळी, ती उजेडानं दुरुस्त होत नाही. म्हणून मुंबईचे आकडे जुळले आणि इथले जुळले नाहीत. म्हणून तर काळा कागद.

हे मी तीस वर्षं दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. परीक्षेत चार मार्कांना विचारते. कधी एकदाही त्या दुपारीला लावून पाहिलं नाही.

सरांनी तेव्हा जाताना सांगितलं होतं, "कागद आधी गुंडाळ, मग ने." कागदाचा गठ्ठा नव्या इमारतीत होता. मी म्हटलं, दोन मिनिटांचं अंगण, तिकडे गेल्यावर गुंडाळू.

आणि मग कट्टा. आणि कोवळं ऊन.

बद्रीनाथला माहीत होतं का? लग्नाच्या चौतीस वर्षांत तो ह्या पेटीबद्दल कधी बोलला नाही. मी म्हणायचे, घरी आणू या, तर विषय बदलायचा. मला वाटायचं, सरांच्या आठवणीनं त्याला वाईट वाटतं.

२० मार्च

पुन्हा केलं, ह्या वेळी अर्ध्या प्लेटा लगेच कागदात, अर्ध्या चाळीस मिनिटं कट्ट्यावर. परमेश्वरला बाजूला बसवलं नाही, मी एकटीच बसले.

कागदातल्यांत पांढरे आठ. कट्ट्यावरच्यांत शून्य.

आता शंकेला जागा नाही. आता फक्त सांगायचं की नाही, एवढंच. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले, तुळजाकाकूंच्या हातचं जेवले, कारण डोंगरातून रोज येणं शक्य नव्हतं. सांगून त्यांना काय मिळणार? गेलेली नोकरी? न सांगितलं तर कुणालाही कळणार नाही. पेटी भंगारात जाईल. माझी दुपार माझ्याजवळ राहील.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि स्वतःचाच राग आला.

६ एप्रिल, रविवार

परळीवरून धर्मापुरीला गेले. सरांचं घर गावाच्या कडेला, जुन्या देवळाच्या वाटेवर. सर ओसरीत ठिबकची नळी दुरुस्त करत होते, तुळजाकाकू चिंचा फोडत होत्या. "मोहिनी? आगं ये, ये!" काकू हातातली चिंच टाकून उठल्या. त्या उठल्या नसत्या तर बरं झालं असतं.

पाणी घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं. सगळं. कागद न गुंडाळल्याचं, कट्ट्याचं, आत्ताच्या आकड्यांचं. काही गाळलं नाही. बद्रीनाथनं काय विचारलं तेही.

सरांनी मान वर केली नाही. "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं, सर."

"पंचावन्न," ते म्हणाले. "समितीला चहा देऊन मी खिडकीशी आलतो. तुमी दोघं बसलेले दिसले. ट्रे बी दिसला. कागद हाय का न्हाई, ते येवढ्या लांबून दिसलं न्हाई. हाक मारावी वाटलं. मग म्हटलं, बसू द्यावं. त्याचं कवापासून चाललं होतं, तुला विचारायचं विचारायचं."

मी ओसरीच्या कडेला बसले.

"मला वाटायचं," सर नळीकडे बघतच बोलत होते, "मीच नसलेलं पांढरं बघत होतो. लई हाव असली की माणसाला दिसतं तसं. पुढं शेतात रोप मोजताना बी बजरंगला सोबत घेत होतो. म्हनायचो, तू मोज, माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाई." बजरंग त्यांचा मुलगा.

मग ते उठले आणि गोठ्याकडे निघून गेले.

काकूंनी चिंचांची टोपली पायानं बाजूला सारली. "आमच्या घरात दोन वर्सं जेवलीस तू. पोरीवानी ठेवलं. ह्यांनी पंधरा वर्सं माजलगावची येस ओलांडली न्हाई. माज्या सख्ख्या भावाचं लगीन झालं तिथं, मी येकटी गेलते. बाया ईचारायच्या, मास्तर कावून आले न्हाईत? मी काय सांगत असंन?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "अन् तू त्यांच्याच खुर्चीवर बसून जलम काढला."

"मला माहीत नव्हतं, काकू."

"न्हवतं ना. पर कागद गुंडाळायचं तर म्हाईत व्हतं."

मी निघेपर्यंत सर गोठ्यातून बाहेर आले नाहीत.

७ एप्रिल

सांगून मोकळं वाटेल असं मला कुठेतरी वाटत होतं. वाटलं नाही.

१ मे

झेंडावंदन. सरांकडून काही नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. भंगाराची यादी पूर्ण केली. पेटी यादीत नाही.

आजकाल कट्ट्याकडे बघवत नाही. अंगणातून न येता मागच्या दारानं येते. गेल्या चार वर्षांत बद्रीनाथची आठवण आली की मी तिथं जाऊन बसायचे. आता कुठे जाऊन बसायचं?

२६ मे

आज सकाळी फोन.

"दिवा चालू हाय का?" सर. नमस्कार नाही, काही नाही.

"आहे, सर."

"देऊन टाकला न्हाईस ना भंगारात?"

"नाही."

"उद्या येतो. बीजाणू ताजे ठेव. वीस प्लेटा कर. बटाटे आपले उकडलेले पायजेत, डब्यातली तयार पावडर नको."

ठेवला. मी बाजारात जाऊन दोन किलो बटाटे आणले.

२७ मे

बजरंगनं त्यांना मोटारीनं आणून सोडलं. सुट्टी असल्यानं कॉलेजात चिटपाखरू नाही. सर दाराशी थांबले, चपला काढल्या, मग आठवून परत घातल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळे स्वच्छ आहेत. पेटीवरून हात फिरवून म्हणाले, "रंधा बरा मारायचा बेटा."

मला त्यांनी कशाला हात लावू दिला नाही. प्लेटा स्वतः मांडल्या, घड्याळ स्वतः धरलं. दहा प्लेटा तिथल्या तिथे कागदात. उरलेल्या दहा मला दिल्या. "ह्या घेऊन बस बाहेर. पंचावन्न मिनिटं."

मी नेल्या. मेचं ऊन, त्यामुळे सावलीत बसले. थोड्या वेळानं सर आले आणि शेजारी बसले. मग म्हणाले, "कुत्री बांधली होती का मग?"

"हो. पण एक सुटलं. पोटरीला चावलं त्यांच्या."

सर हसले. तेच हसणं, जरा खोकल्यासारखं झालेलं. मीही हसले आणि मग मला रडू आलं, आणि ते समोर बघत बसून राहिले, मधे पडले नाहीत.

उठताना म्हणाले, "मी तुला माफबिफ केलंय असं समजू नकोस. मला आकडा बघायचा हाय."

"हो, सर."

३१ मे

आज माझा नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी प्राचार्यांनी शाल दिली, दोघांनी भाषणं केली, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझं लक्ष अकराच्या गाडीकडे होतं, प्लेटा मोजायला सर येणार होते.

गाडीतून सर उतरले आणि मागून तुळजाकाकू. त्या ह्या इमारतीत कधी आल्या नव्हत्या. सर इथं अकरा वर्षं नोकरी करत होते, तरी नाही. जिना चढताना त्यांनी मला हात लावू दिला नाही, कठडा धरून एक एक पायरी चढल्या.

टेबलावर दोन रांगा मांडल्या. काकूंनी पदर खोचला आणि वाकून पाहिलं.

"हेच का ते?"

"हेच," सर म्हणाले. "हिरवे आपले न्हेमीचे. पांढरे बदललेले."

"येवढ्याशासाठी?"

"येवढ्याशासाठी."

सरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मग काढून ठेवला. "तू मोज," ते काकूंना म्हणाले.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हनूनच. तुला पांढरं दिसतंय ना? तेवढंच मोज. आमी दोघं बोलनार न्हाई."

काकूंनी कागदातली पहिली प्लेट घेतली. झाकणावर नख ठेवून, ओठ हलवत, धान्य निवडावं तशी ती तपासली. मग दुसरी. तिसरीत काही नाही म्हणाल्या आणि खात्रीसाठी परत बघितली. मी आणि सर भिंतीला टेकून उभे. परमेश्वर दारात उभा. दहावी प्लेट खाली ठेवून काकूंनी कंबर सरळ केली.

"सतरा."

मग बाहेर सावलीत ठेवलेल्या दहा. त्यांना बराच वेळ लागला, ठिपके गच्च होते. "येक," त्या म्हणाल्या. "तो बी फिका हाय. धरायचा का सोडायचा?"

"धर," सर म्हणाले.

"तर मग सतरा अन् येक." काकूंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी मोजलंय. आता कोन खोटं म्हनतंय, त्याला घेऊन या माज्याकडं."

ते खोटं म्हणणारे कुठून आणणार? समितीतले दोघे वारले. तिसऱ्यांचा पत्ता मी शोधलाय, पुण्याला मुलाकडे असतात, नव्वदी पार केलेली. सर म्हणाले, कळवायचं. ते वाचतील न वाचतील, कळवायचं. मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, किरणं, वेळ, अंतर लिहिलं. खाली मी लिहिलं की १९८७ च्या पडताळणीतल्या प्लेटा मोहिनीनं न गुंडाळता नेल्या. सरांनी वाचलं. खोडतील असं वाटलं होतं. त्यांनी खोडलं नाही, पुढे 'पंचावन्न मिनिटे' एवढं वाढवलं.

शेवटचा रकाना मोजणी करणाऱ्याच्या नावाचा. सरांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि सावकाश, फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरात लिहिलं, 'तुळजाबाई.' काकूंना अक्षरओळख आहे. त्यांनी ते बोटानं वाचलं.

निघताना जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. खाली बघितलं. मग मागे न वळता हात माझ्याकडे केला.

"धर. उतरायला लई उभट हाय हे."